६१७४ : एका शाळामास्तरांनी शोधलेली संख्या

चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या मांडून मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. १९४७ घेऊन पाहू या :

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

यापुढे कितीही वेळा करा, ७६४१ − १४६७ = ६१७४ हेच उत्तर येत राहते. कोणत्याही संख्येपासून निघालो तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत आपण सहा हजार एकशे चौऱ्याहत्तरवर पोहोचतो. (घरी 'चौहत्तर' म्हणणाऱ्या मुलांनी ही संख्या एकदा मोठ्याने मराठीत वाचावी, अशी आमची विनंती आहे.)

ही गोष्ट १९४९ साली नाशिकजवळच्या देवळाली येथील शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधली. त्यांची पदवी बी.एस्सी.पर्यंतच होती. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगभर हे नाव पोहोचले.

आता खरा प्रश्न. दहा उदाहरणे जमली की मुले 'नेहमी असेच होते' असे लिहून मोकळी होतात, आणि आम्ही त्याला गुण देत नाही. मग इथे 'नेहमी' म्हणायला आधार काय? उतरत्या क्रमाने लावलेले अंक क, ख, ग, घ समजा. वजाबाकीचे उत्तर ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढे येते. आठवीच्या मुलांनी कागदावर हे मांडून पाहावे. म्हणजे चार अंकांतून कामाचे फक्त दोन फरक. पहिला १ ते ९ पैकी, आणि दुसरा ० पासून पहिल्याइतका. अशा जोड्या होतात २ + ३ + … + १० = ५४. अटीत बसणाऱ्या चार अंकी संख्या ८९९१, पण पहिल्या वजाबाकीतच त्या सगळ्या या ५४ उत्तरांत येऊन बसतात. तेवढी तपासली की 'नेहमी' म्हणण्याचा हक्क मिळतो. वर्गात वाटून घेतली तर एका तासिकेचे काम आहे, कॅल्क्युलेटर नको.

एक सावधानता पाळावी. २१११ − १११२ = ९९९ आले की ते ०९९९ असे लिहावे. शून्य गाळले तर पुढची वजाबाकी ९९९ − ९९९ होईल आणि सगळेच संपेल. पुष्कळांची गाडी इथेच अडते.

या संख्येत आणखीही मौज आहे. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ चा घन. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' हे नाव दिले. शिवाय १८, १८ चा वर्ग ३२४ आणि घन ५८३२ यांची बेरीज करून पाहा.

तीन अंकी संख्या याच रीतीने ४९५ वर येऊन थांबतात. पाच अंकी संख्यांना मात्र असा एक मुक्काम नाही, त्या ठराविक संख्यांच्या फेऱ्यांत फिरत राहतात.