ट्रक निघालाच, ट्रक निघाला

सकाळी ८
पिंपळगाव बसवंतच्या परिसरात द्राक्षांचा हंगाम भरात आला की आमचं पॅकहाऊस उजाडण्याआधीच जागं असतं. माझं टेबल कागदपत्रांचं आणि परदेशी खरेदीदारांच्या मेलचं. पहिला फोन मात्र मराठीत, काढणीवरच्या दादांचा: ‘मॅडम, माल येतोय, दहापर्यंत पोचतोच.’ बाग कुठली, रस्ता कसला, ऊन किती चढलंय, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यामुळे ‘पोचतोच’ म्हणजे किती, याचा अंदाज आपोआप बांधला जातो. रॉटरडॅममध्ये बसलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे फक्त माझं क्रियापद असतं.

सकाळी ९.३०
दुबईत आठ वाजतात आणि आखातातले मेल सुरू होतात. एका नव्या खरेदीदाराने कंपनीची माहिती मागवली आहे. आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या मुलीने मसुदा केलाय: ‘वी आर सप्लाइंग टू नेदरलँड्स सिन्स २०११.’ मी तिला शेजारी बसवून घेते. मराठीत ‘आम्ही २०११ पासून पाठवतो’ हे अगदी बरोबर आहे. इंग्रजीत मात्र मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामाला ‘वी हॅव बीन सप्लाइंग’ लागतं. ‘सिन्स’ काढून नुसतं ‘वी आर सप्लाइंग’ ठेवलं, तर सध्यापुरतं, कदाचित या हंगामापुरतंच पाठवतोय, असा वास येतो. दरवर्षीचा धंदा सांगायचा तर ‘वी सप्लाय’.

तिच्याच मसुद्यात ‘वी आर हॅविंग अवर ओन कोल्ड स्टोरेज’ असंही आहे. ते मी ‘वी हॅव’ करते, पण त्यावर तिचा वेळ घेत नाही. तशी इंग्रजी देशभर बोलली जाते आणि त्यातून कोणाचा गैरसमज होत नाही. शाळेत सगळ्या चुकांना सारखीच लाल शाई मिळायची. धंद्यात ज्या चुकीने समोरच्याचा निर्णय बदलतो, तिच्यावर आधी कष्ट घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी १२.३०
युरोपात हिवाळी वेळ असते तेव्हा आपण नेदरलँड्सच्या साडेचार तास पुढे. तिथे आता आठ वाजलेत. दिवसातला सगळ्यात वजनदार मेल याच वेळी येतो: पुढच्या कंटेनरचा भाव, पाचशे ग्रॅमच्या पनेटचं पॅकिंग, मण्याचा आकार. भाव मंजूर आहे आणि उत्तर एका ओळीचं आहे, ‘वी कन्फर्म द प्राइस.’

इथे ‘वी आर कन्फर्मिंग’ मी कोणालाही लिहू देत नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत हीच गोष्ट उलगडून दाखवली होती. काही वाक्यं घडलेल्या गोष्टीची बातमी देत नाहीत, ती उच्चारणं हीच कृती असते. आणि अशी वाक्यं इंग्रजीत बहुधा प्रथमपुरुषी साध्या वर्तमानकाळात येतात. कन्फर्म, अ‍ॅक्सेप्ट, अपॉलजाइज ही सगळी त्याच घरातली. ‘वी अ‍ॅक्सेप्ट’ लिहिलं की आपण स्वीकारलं. ‘वी आर अ‍ॅक्सेप्टिंग’ वाचून खरेदीदाराला वाटू शकतं की अजून आत कुठेतरी विचार चाललाय. तो थांबतो, आणि द्राक्षाच्या धंद्यात थांबणं परवडत नाही.

समोरचा माणूसही इंग्रजीचा वारसदार नाही, हे मी त्या मुलीला मुद्दाम सांगते. डच भाषेतही ‘उद्या पाठवतो’ असं साध्या वर्तमानात म्हणायची रीत आहे, आणि अमुक सालापासून चाललेल्या कामालाही तिथे साधा वर्तमानच चालतो. त्यामुळे त्यांच्या मेलमध्ये ‘आय सेंड इट टुमॉरो’ दिसलं तर ते वचन समजायचं. ही सवय आपल्या ओळखीची असल्याने आपल्याला ते पटकन कळतं.

दुपारी ४
रॉटरडॅमहून फोन. आदल्या दिवशी पॅक होऊन शून्य अंशाच्या आसपास गार झालेल्या पेट्या रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमध्ये चढताहेत. ‘वी आर लोडिंग नाऊ.’ डोळ्यांसमोर चाललेल्या कामाला हाच काळ. पण काम संपल्यावर फोन आला तर मी ‘वी हॅव लोडेड’ पूर्ण म्हणते. ‘वी’व्ह’ असं जोडून म्हटलं की खराब लाइनवर तो ‘व्ह’ गळतो, आणि सुरुवातीचा ‘वी’ही नीट ऐकू आला नाही तर पलीकडे नुसतं ‘लोडेड’ पोचतं. मेलमध्ये जे डोळ्यांनी दिसतं ते फोनवर कानाला मोजून द्यावं लागतं.

संध्याकाळी ७
दिवसभरात मी सगळ्यात जास्त सावध असते ती या वेळी. सील लागलंय, ड्रायव्हर चहा घेतोय, गेटवरून हाक येते: ‘मॅडम, ट्रक निघालाच!’ आपल्याकडे हे खोटं नाही. त्या ‘च’मध्ये निघण्याची तयारी, घाई, भरवसा सगळं आहे, आणि ऐकणाऱ्याला ट्रक अजून फाटकाच्या आत असल्याचं कळतं. तेच वाक्य ‘द ट्रक हॅज लेफ्ट’ होऊन मेलमध्ये गेलं, की सात वाजून दोन मिनिटांच्या शिक्क्यासह कायमचं नोंदलं जातं. पुढे टायर बदलायला तास गेला तर आमची खोटी साक्ष आमच्याच हाताने लिहिलेली असते. म्हणून आधी ‘द ट्रक इज लीव्हिंग शॉर्टली’. चाकं फाटकाबाहेर गेली, की मग ‘हॅज लेफ्ट’.

‘हॅज लेफ्ट’ला ‘अ‍ॅट ८.१० पीएम’ जोडायचं नाही, हेही तिला दाखवते. नेमकी वेळ सांगायची तर ‘लेफ्ट अ‍ॅट ८.१०’. मराठीत ‘काल पाठवलं आहे’ सहज चालतं, म्हणून आपल्याकडून ‘हॅव सेंट यस्टरडे’ सतत निसटतं.

रात्री ९
शेवटचा मेल तिनेच लिहायला घेतलाय. कंटेनर क्रमांक, सील क्रमांक, मग ‘द व्हेसल सेल्स ऑन सॅटर्डे’. वेळापत्रकाला साधा वर्तमान, हे तिने स्वतःच पकडलं, मला मनापासून आनंद झाला. त्यापुढे तिने लिहिलं, ‘वी सेंड बीएल ड्राफ्ट टुमॉरो.’ मी विचारलं, बीएलचा, म्हणजे बिल ऑफ लेडिंग या जहाजी मालपावतीचा, ड्राफ्ट कोणाकडून येणार? शिपिंग लाइनकडून. मग पाठवण्याचं वचन आपण कसं द्यायचं? तिने जरा विचार केला आणि ओळ बदलली: ‘वी एक्स्पेक्ट द ड्राफ्ट फ्रॉम द लाइन टुमॉरो अँड विल फॉरवर्ड इट द सेम डे.’ मी एकही अक्षर न बदलता मेल पाठवायला सांगितलं.