तिकीट काढून डोंगराकडे

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघाली. नगर रस्ता येरवड्यातून जातो, त्यामुळे एसटीच्या पहिल्यावहिल्या प्रवासाची धूळ येरवड्याच्या वाट्याला आली. सह्याद्री मात्र नेमका उलट्या बाजूला. तारकेश्वराची टेकडी आणि पर्णकुटीचा चढ सोडला तर इथे चढण्याजोगं फारसं काही नाही. कोथरूडकर पहिल्या चहाआधी वेताळ टेकडी उरकून येतो; येरवडेकराला डोंगराची सुरुवात करण्याआधी अख्खं शहर ओलांडावं लागतं.

ते ओलांडणं आता सोपं झालंय. रामवाडीपर्यंतची मेट्रो मार्च २०२४ मध्ये धावू लागली, पण येरवड्याला ती थांबायला २१ ऑगस्ट उजाडला. सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्गही सुरू झाला. म्हणजे पुणे स्टेशन एका दमात आणि स्वारगेट जिल्हा न्यायालयाला एकदा गाडी बदलून. शिवाजीनगरचा एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेला तेव्हा बहुतेक पुणेकर कुरकुरले. येरवडेकराने कुरकुरायचं कारण नव्हतं, त्याला संगमवाडीच्या पुलावरून तो जवळच पडतो.

स्वतःची गाडी असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारतंच. माझं उत्तर असं, की गाडीवाला गडावर जातो आणि जिथे गाडी लावली तिथेच परत येतो. एसटी-लोकलवाल्याला मागे काही ठेवायचं नसतं. तो एका गावातून चढतो आणि दुसऱ्याच गावात उतरतो. घाटवाटा आणि डोंगरधारा चालायच्या तर हीच रीत सोयीची.

पुणे-लोणावळा लोकल १९७८ सालची, पण खंडाळ्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ पासून आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यातून तो जातो आणि दोन्ही हातांना डोंगर ठेवत जातो. घोरावाडीला उतरलं की घोराडेश्वर, मळवलीला उतरलं की भाजे, लोहगड, विसापूर. बऱ्याच लोकल पुणे स्टेशनऐवजी शिवाजीनगरहून सुटतात आणि दुपारी त्यांच्यात मोठा खंड पडतो, तेवढं वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवावं.

मळवलीहून भाजे गाव चालतच गाठायचं. पायऱ्या चढून गेलं की चैत्यगृह समोर येतं. याच्या छताला अजून लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांहून जुन्या. दगडात कोरलेल्या छताला लाकडाचा आधार लागत नाही. पण कारागिरांचा हात लाकडी बांधणीला सरावलेला होता, आणि तीच बांधणी त्यांनी दगडाखाली बसवली. बाजूला चौदा स्तूपांचा घोळका. बहुतेक लोक गाडीने थेट लोहगडवाडीला जातात आणि हे सगळं खालीच राहून जातं. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. भाज्याला तो मान नाही, म्हणून इथे जरा बसायला जागा मिळते.

पुढे विसापूर, गायमुख खिंड, लोहगड आणि परत मळवली, हा सरधोपट दिवस. पाय बरे असतील तर विसापूरवरून पूर्वेकडची डोंगरधार धरून बेडसे लेण्यांना उतरावं आणि परतीची लोकल कामशेतला पकडावी. पावसाळ्यात ही धार वाटाड्याशिवाय नको.

सिंहगडाबद्दल थोडक्यात. पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे, पुढे पाय आहेत. मे २०२२ मध्ये माथ्यापर्यंत विजेवरच्या बस सुरू केल्या आणि काही दिवसांतच थांबवल्या. घाटरस्त्यावर रविवारी होणारी कोंडी पाहिली की तो प्रयोग नीट आखून पुन्हा करायला हवा असं वाटतं.

स्वारगेटहून राजगड-तोरणा ही शनिवार-रविवारची जुनी जोडी. गुंजवण्यातून राजगड चढायचा, संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडायचं, डोंगरधारेने तोरण्याची बुधला माची गाठायची आणि वेल्ह्यात उतरायचं. इथे वेळापत्रकापेक्षा वेल्ह्याच्या चहावाल्याचा शब्द खरा. शेवटची गाडी गेली की वडाप मिळेल का, मुक्कामी गाडी सकाळी किती वाजता निघते, हे त्याला ठाऊक असतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय. मैत्रिणींचा गट करून गड चढायला निघणाऱ्यांना ही सवलत फार उपयोगी आहे.

माझी सर्वांत आवडती वाट मात्र नाणेघाटाची. वाकडेवाडीहून जुन्नर. शनिवारी शिवनेरी पाहून घ्यायचा, रविवारी सकाळी घाटघरची एसटी धरायची. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. घाटाच्या तोंडाशी गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापणांचे आकडे त्यात आहेत. सातवाहनांच्या काळापासून व्यापारी माल कल्याण बंदराकडून याच खिंडीने जुन्नरला चढे. लेखातल्या अंकखुणा भारतातल्या संख्यालेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत.

बहुतेक जण रांजणापाशी फोटो काढून गाडीकडे वळतात. घाट मात्र तिथून खाली सुरू होतो. दगडी फरसबंदी उतरत, पुढे झाडीतून कल्याण-नगर रस्त्यावर वैशाखऱ्यापाशी निघायचं. हात दाखवून एसटी थांबवायची. डावी-उजवी दोन्हीकडे जाता येतं. माळशेज चढून आळेफाट्यामार्गे पुणे, किंवा मुरबाडवरून कल्याण आणि पुढे रेल्वेने बोरघाट. मी कल्याण धरतो, कारण रविवारी संध्याकाळी माळशेजमध्ये गाड्यांची रांग लागलेली असते. पुणे स्टेशनवरून येरवडा हे मेट्रोचं तिसरं स्थानक, पण मेट्रो रात्री अकराच्या सुमारास बंद होते. कल्याणहून गाडी निवडताना तो हिशेब आधी करावा.