कयाक का कलंडते?

अमेरिकेत बास मासा गळाने पकडण्याचा छंद फार लोकप्रिय आहे. त्यासाठी अनेकजण कयाक ही अरुंद, वल्ह्याने चालवायची होडी वापरतात. नवशिक्याला नेणारा जाणकार गळ नंतर शिकवतो. आधी काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवून पुन्हा चढायला लावतो. माझ्या मते हाच खरा पहिला धडा.

होडीचे वजन गुरुत्वमध्यातून खाली, तर उत्प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर लागते. होडी कलली की त्या बाजूचा जास्त भाग बुडतो, उत्प्लावक बल तिकडे सरकते आणि होडी सरळ होते. माणूस उभा राहिला, तर गुरुत्वमध्य वर जातो. मग थोड्याशा कलानेही वजनाची रेषा उत्प्लावक बलाच्या रेषेपलीकडे जाते आणि होडी उलटते.

दोन किलोचा बास आडवा ओढू लागला तर हाच कल वाढतो. म्हणून गळाची काठी होडीच्या नाकाकडे वळवावी. लांबीच्या दिशेने होडी सहसा उलटत नाही, फार तर माशामागे ओढली जाते. नांगरही याच कारणाने टोकाशी बांधतात, बाजूला नाही.

वसंतात हवा उबदार होते, तळे मात्र सावकाश तापते. गार पाण्यात अचानक पडल्यास धाप लागून पाणी छातीत जाऊ शकते, चांगल्या पोहणाऱ्याच्याही. तरंगजाकीट अंगावरच हवे. बैठकीखाली ठेवलेले त्या क्षणी निरुपयोगी.

वर्गात साबणाची डबी पाण्यावर सोडा. वाळूने भरलेली काडेपेटी तिच्यात आधी आडवी, मग उभी ठेवा आणि कडेला बोटाने हलकेच दाबून पाहा.