‘आमेन’च्या मुळाशी

प्रार्थनेच्या अखेरीस उच्चारला जाणारा ‘आमेन’ ज्या हिब्रू धातूपासून निघाला, त्याच धातूपासून विश्वासवाचक ‘एमुना’ हा शब्द सिद्ध झाला. आणि त्याचा मूळ आशय एखाद्या मताची कबुली हा नव्हे, तर स्थैर्य आणि भरवसा हा आहे. ‘निर्गम’ या ग्रंथात अमालेक्यांशी लढाई चालू असता मोशेचे हात जड झाले, तेव्हा त्याला शिळेवर बसवून अहरोन व हूर यांनी ते दोहों बाजूंनी सावरून धरले, आणि सूर्यास्तापर्यंत ते जसे अढळ राहिले, त्या अढळपणासाठी तेथे ‘एमुना’ हाच शब्द योजिला आहे. विश्वासाचे याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही. मराठी बायबलनेही नव्या करारातील विश्वासवाचक ग्रीक ‘पिस्तिस’साठी ‘विश्वास’ हा रोजच्या देण्याघेण्यातला शब्द घेतला, हे फार उचित झाले.

धर्माचरणाशी या विश्वासाचे नाते काय, हा वाद जुनाच. मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात, पौलाच्या रोमकरांस पत्रातील तिसऱ्या अध्यायात, विश्वासामागे मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला आणि कर्माचा आग्रह धरणाऱ्या याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे पत्र म्हटले. परंतु त्याच पत्रात शुद्ध धर्माचे लक्षण म्हणून अनाथ व विधवा यांची विचारपूस सांगितली आहे, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात ते लक्षण आचरून दाखविले. या जुन्या वादाबाबत ल्यूथरपंथी आणि कॅथलिक यांच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ऑग्सबर्ग येथे.