लांब दांड्याच्या फुलांची बाग : नवोदितांसाठी ऋतुनिहाय नियोजन

प्रस्तावना :
महाविद्यालयीन समारंभात पाहुण्यांना दिला जाणारा पुष्पगुच्छ बहुधा बाजारातून आणलेला असतो. परिसरात जागा, पाणी व उत्साह असूनही हौसेने सुरू केलेली फुलबाग अनेकदा पहिल्याच हंगामानंतर मोडते. याचे प्रमुख कारण म्हणजे सर्व लागवड एकाच दिवशी केली जाते. त्यामुळे सर्व फुले एकाच पंधरवड्यात येऊन जातात आणि प्रत्यक्ष गरजेच्या दिवशी वाफे रिकामे असतात. हा प्रश्न कौशल्यापेक्षा कालगणनेचा अधिक आहे. प्रस्तुत लेखात पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागातील हवामान गृहीत धरून या नियोजनाचे विवेचन केले आहे.

जागा व आरंभ :
नवोदिताने १० चौरस मीटर जागेपासून आरंभ करावा. दिवसातून किमान सहा तास ऊन व पाण्याचा उत्तम निचरा या दोन अटी अनिवार्य होत. या जागेत प्रत्येकी २ चौरस मीटरचे पाच गादीवाफे करून प्रत्येक वाफा एकेका पिकास द्यावा.

ऋतुनिहाय लागवड :
उन्हाळा : एप्रिल-मे महिन्यांत निशिगंधाचे कंद लावावेत. साधारणतः साडेतीन महिन्यांत दांडे येऊ लागतात. म्हणजे मेच्या मध्यास लावलेला वाफा ५ सप्टेंबरच्या शिक्षक दिनास उपयोगी पडतो. पुष्पगुच्छासाठी दुहेरी पाकळ्यांचा प्रकार निवडावा. कडक उन्हातही तग धरणारी झिनिया व गेलार्डिया ही फुले याच काळातील उणीव भरून काढतात.

पावसाळा : झेंडू व शेवंती यांची लागवड या ऋतूत होते. शेवंती ही लघुदिवसी वनस्पती आहे. दिवसाची लांबी व फुलोरा यांचा संबंध गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. पुण्याच्या अक्षांशावर जूनअखेर दिवस सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरअखेर सुमारे ११ तासांचा असतो. रात्र लांबत गेली की शेवंती कळी धरते. मात्र ही रात्र अखंड अंधारी असावी लागते. म्हणून क्रीडांगणाच्या वा रस्त्याच्या दिव्याखाली लावलेली शेवंती भरपूर वाढूनही फुलत नाही. अशा वेळी खत वाढविणे निरर्थक ठरते, कारण दोष रोपाचा नसून दिव्याचा असतो.

हिवाळा : अ‍ॅस्टर व ग्लॅडिओलस ही या ऋतूची मुख्य फुले होत. अ‍ॅस्टरसाठी महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ मालिकेतील वाण उपयुक्त आहेत. ग्लॅडिओलसच्या बाबतीत समारंभाच्या तारखेपासून मागे दिवस मोजावेत. सुमारे ८० दिवसांत फुलणारा वाण ३ जानेवारीच्या सावित्रीबाई फुले जयंतीसाठी हवा असल्यास १५ ऑक्टोबर ही मध्यवर्ती तारीख येते. थंडीमुळे फुलोरा पुढेमागे होतो. म्हणून ५, १५ व २५ ऑक्टोबर अशा तीन टप्प्यांत कंद लावावेत. ३० × १५ सेंटिमीटर अंतराने एका वाफ्यात सुमारे ४४ कंद बसतात व प्रत्येक कंदापासून सामान्यतः एक दांडा मिळतो. नुकतेच काढलेले कंद सुप्तावस्थेत असतात. ते लगेच लावू नयेत.

काढणी व निगा :
ग्लॅडिओलसच्या तळाच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसताच दांडा सकाळी कापावा आणि किमान चार पाने झाडावर राखावीत, कारण पुढील वर्षाचा कंद त्यांच्यावरच पोसतो. दांडे त्वरित पाण्यात ठेवावेत. कापलेल्या टोकात हवा शिरल्यास जलवाहिन्या अडतात, म्हणून ते टोक पाण्याखाली धरून पुन्हा तिरपे छाटावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत व पाणी रोज बदलावे. पिकलेल्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो व त्यामुळे अनेक फुले लवकर कोमेजतात. म्हणून फुलदाणी फळांपासून दूर ठेवावी.

समारोप :
एका वहीत लागवडीची, पहिल्या कळीची व अखेरच्या दांड्याची तारीख नोंदविल्यास दुसऱ्या वर्षी पुस्तकी अंदाजापेक्षा स्वतःच्या जागेचे गणित हाती येते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी ही वही प्रात्यक्षिकाचे साधन ठरू शकेल, आणि पाहुण्यांच्या हाती परिसरातच उमललेले फूल देण्याचे समाधानही लाभेल.