डॉल्बीवर वाजलं, पण गाणं कुणाचं?

कन्हेरी म्हटलं की मारुतीचं देऊळ आणि निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ आठवतो ना? तिथनंच एका पोराचा व्हॉइस मेसेज आलाय. गणपतीत त्याचा रिमिक्स डॉल्बीवर वाजला, सगळी गल्ली नाचली. यूट्यूबवर व्ह्यूज आले, पैसा मात्र शून्य. ‘दादा, माझं काय चुकलं?’

चुकलं काही नाही रे, पण गाणं तुझं नव्हतं. जुन्या गाण्याखाली बीट घातला म्हणून हक्क आपल्याकडे येत नाहीत. यूट्यूबची यंत्रणा मूळ आवाज ओळखते, क्लेम लागतो आणि जाहिरातीचे पैसे म्युझिक कंपनीकडं जातात. वाजवायची सुपारी मिळेल, पण ते झालं डीजेचं काम. प्रोड्युसर गाणं बनवतो.

आता ‘तांबडी चामडी’ घ्या. क्रेटेक्स, म्हणजे कृणाल घोरपडे, आणि रॅपर श्रेयस सागवेकर. २०२४ मध्ये हे गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर आलं. अस्सल मराठी शब्द आणि खाली हाऊसचा एकसारखा ठोका. इथं कुणाच्या हिट गाण्याची उसनवारी नाही, म्हणून ते परदेशी लेबलवर जाऊ शकलं.

पण लेबल मिळालं म्हणजे जिंकलो, असंही नाही हां. याच स्पिनिनवर २०१३ मध्ये मार्टिन गॅरिक्सचं ‘अ‍ॅनिमल्स’ आलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. जगभर गाजलं. आणि २०१५ मध्ये गाण्यांच्या मालकीवरून तो लेबल सोडून बाहेर पडला, प्रकरण कोर्टात गेलं.

मालकी दोन प्रकारची असते, हे नीट ऐका. एक मास्टर, म्हणजे तयार झालेलं रेकॉर्डिंग. दुसरी रचना, म्हणजे चाल आणि शब्द. लेबल बहुतेक वेळा मास्टर मागतं. रचनेच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा मात्र २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर सहज लिहून घेता येत नाही. ती रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सभासद व्हावं लागतं.

तर भावा, लॅपटॉप साधा असला तरी चालेल, गॅरिक्सनं वापरलेलं एफएल स्टुडिओ तुलाही मिळतं. गावातल्या कुणाचा आवाज घेतलास तर वाटणी आधीच लिहून ठेव, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. प्रोजेक्ट फाईल डिलीट करू नकोस. आणि पहिलं स्वतःचं गाणं झालं की पाठव, इथं वाजवू. क्लेमची भीती नाही!