आधी आई बघा, मग कागद, मग पिल्लू

देवास : रविवारी दुपारी इंदूरहून पिल्लू घरी आलं. गुरुवारी सकाळी त्याने पहिली उलटी केली, संध्याकाळी रक्ताचे जुलाब सुरू झाले आणि शनिवारी ते गेलं. ही बातमी नाही, आमच्या घरातलीच काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मुलीने त्याचं नाव ठेवलं होतं, पण त्या नावाने हाक मारायलासुद्धा पुरते सहा दिवस मिळाले नाहीत.

लॅब्राडोर होतं. विकणाऱ्याने पंचेचाळीस दिवसांचं आहे म्हणून सांगितलं, दोन्ही लसी झाल्यात म्हणून एक कार्डही दिलं. कार्डावर गोल शिक्का होता, डॉक्टरची सही नव्हती आणि लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकरही नव्हतं. मी बी.कॉम. झालेला माणूस. व्हाउचर नसलेली नोंद खरी धरायची नाही हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. पण पिल्लाने हात चाटला की हिशोब कोण बघतो?

तो आजार पार्व्हो. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी जास्तही. आमच्याकडे पाचव्या दिवशी लक्षणं दिसली, म्हणजे ते बहुधा तिकडूनच आजार घेऊन आलं होतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही आपलं काही चुकलं का, दूध बाधलं का, यातच अडकलो होतो.

धार, देवासमध्ये आता घराघरात कुत्रा आहे. मिठा तलावाच्या बाजूला सकाळी फिरायला गेलात तर माणसांपेक्षा पट्टे जास्त दिसतात. आपल्या मराठी घरांतही लॅब, जर्मन शेफर्ड, पग सगळं आहे, आणि गंमत म्हणजे आपसात मराठी, दूधवाल्याशी हिंदी बोलणारी ही घरं कुत्र्याशी मात्र इंग्रजीत बोलतात. पण पिल्लू घेताना काय बघायचं हे विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, ‘ओळखीच्या माणसाकडून आणलं.’

पंचेचाळीस आणि छप्पन

कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारचे 2017 चे नियम आहेत. त्यानुसार पैदास करून पिल्लं विकणाऱ्याने राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे 56 दिवस. बाजारात सर्रास ऐकू येणारं ‘पैंतालीस दिन का है’ हे वाक्यच नियमाबाहेरचं आहे. मादीचं वय 18 महिने झाल्याशिवाय तिच्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत आणि आठ वर्षांनंतर तर नाहीच. पिल्लाला विकण्याआधी मायक्रोचिप बसवलेली हवी.

छप्पन दिवसांमागे कारण आहे. पिल्लू शेवटचे दोन-तीन आठवडे आईकडून आणि भावंडांकडून चावण्याची मर्यादा शिकतं. जोरात चावलं की भावंडं किंचाळतात, आई दूर ढकलते. तीस-पस्तीस दिवसांत उचललेलं पिल्लू हे शिकतच नाही, आणि मग ‘आमचा फार चावरा आहे’ म्हणून लोक त्याला बांधून ठेवतात. बांधून ठेवल्याने तो आणखी चावरा होतो.

म्हणून मी सांगतो, पिल्लू बघायला जाऊ नका, आई बघायला जा. ती अंगाने बरी आहे का, तिला चमचमीत जागा मिळालीय की पिंजऱ्यात मुताच्या वासात पडलीय, अनोळखी माणूस दिसल्यावर ती काय करते? पिल्लाचा स्वभाव कसा असेल याचा सगळ्यात स्वस्त अंदाज तिथेच मिळतो. आई दाखवायला टाळाटाळ झाली, ‘वो फार्म पे है’ असं उत्तर आलं किंवा पिल्लू हायवेवर गाडीत आणून देतो म्हणाले, तर सरळ परत फिरा. बाप मात्र दुसऱ्या गावचा असू शकतो, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

कागद कशाचा पुरावा आहे

‘पेपरवाला’ आणि ‘बिनापेपरचा’ असे दोन भाव इंदूरच्या बाजारात चालतात. पेपर म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र. त्यावर जात, जन्मतारीख, रंग, नर की मादी, आईबापांची नावं व नोंदणी क्रमांक, मागच्या पिढ्या आणि मायक्रोचिपचा क्रमांक असतो. फसवणूक होते ती इथे : कागद खरा असतो, पण दुसऱ्याच पिल्लाचा. त्याला उपाय सोपा आहे. चिपचा क्रमांक 15 आकडी असतो आणि तो स्कॅनरवर वाचता येतो. पैसे देण्याआधी स्कॅनर लावायला सांगा, आकडे कागदाशी ताडून बघा. स्कॅनर नाही म्हणाले तर ज्या डॉक्टरकडे आहे तिथे व्यवहार करा. नंतर मालकी आपल्या नावावर करून घ्यायची असते, हे तर पुष्कळांना माहीतच नाही. गाडीचं आर.सी. आपण लगेच नावावर करतो ना?

दोन शब्दांपासून सावध राहा. ‘डबल बोन’ आणि ‘चॅम्पियन ब्लडलाइन’. लॅब्राडोरमध्ये डबल बोन अशी काही जात नाही, जाड पंजे दाखवून भाव वाढवायची ती भाषा आहे. आणि पूर्वज चॅम्पियन असेल तर ते वंशावळीत त्याच्या नावाच्या आधी लिहिलेलं असतं, मोबाइलमधल्या फोटोवरून ठरत नाही.

आणि एक. कागद वंशाचा पुरावा आहे, तब्येतीचा नाही. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा आजार आईबापांकडून उतरतो. आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढलेत का, हा प्रश्न विचारून बघा. बहुतेक जण तुमच्याकडे वेड्यासारखे बघतील. ज्याच्याकडे उत्तर असेल तो खरा पैदासकार समजा, भाव दोन पैसे जास्त असला तरी.

माळव्याला कोण मानवतं

रात्र थंड, म्हणून माळवा थंड, असं आपण अजून म्हणतो. पण मे महिन्यात धार काय, देवास काय, पारा चाळिशीच्या वर जातो. अशा गावात सायबेरियन हस्की घेतलेली माणसं मी पाहिलीत. दिवसभर ए.सी. चालू, आणि लाइट गेली की घरच्यांची धावपळ. बर्फासाठी घडलेल्या जनावराला दुहेरी केसांचा कोट असतो. तो कापून टाकणं हाही उपाय नाही, कारण तोच कोट उन्हापासूनही थोडा आडोसा देतो. पग आणि बुलडॉगचं दुखणं वेगळं. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि यांचं तर नाकच चपटं. घोरणं आपल्याला गोड वाटतं, त्याला मात्र तो श्वास कमी पडल्याचा आवाज असतो.

आपल्याकडे ज्याला सगळे ‘पॉमेरियन’ म्हणतात तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पॉमेरियन दोन-तीन किलोचा, मुठीएवढा. स्पिट्झ त्याच्या दुप्पट-तिप्पट, इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आणि लहान घरात नीट राहणारा. भुंकतो फार, शेजाऱ्यांचा विचार करा. पण पॉमेरियनच्या भावात स्पिट्झ घेऊ नका.

ज्यांची शेती आहे, मोकळी जागा आहे त्यांच्यासाठी कारवानी. देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, त्याच्याही आधीपासून आपल्या घरांच्या सोयरिकी कोल्हापूर, सांगलीकडे आहेत. त्या बाजूने आलेल्या पाहुण्यांच्या गप्पांत कारवानी असतोच. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा, नजरेने शिकार करणारा हा कुत्रा कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो, आणि मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची पैदास जपली. 2005 मध्ये टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यात हा होता. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे या जातीची पिल्लं लोकांना मिळतात. प्रवास लांबचा, पण विचारपूस करून जायला हरकत नाही. मात्र लक्षात घ्या, कारवानीच्या बरगड्या दिसतात म्हणून त्याला तूपभात चारू नका, तो तसाच असतो. मांजर, कोंबडी पळाली की तो मागे धावणार. आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याला ठेवणं हा अन्यायच.

चालू खर्च

लोक पिल्लाची किंमत विचारतात. ती तर भांडवली रक्कम, एकदाच जाते. चालू खर्च बघा. तीस किलोच्या लॅबला कोरडं खाद्य रोज साधारण 320 ग्रॅम धरलं तर वर्षाचे 117 किलो होतात. तो दहा-बारा वर्षं जगतो. म्हणजे आयुष्यभरात सव्वा टनाच्या आसपास खाद्य! याला तुमच्या पिशवीच्या भावाने गुणा आणि मग घरात विषय काढा. लस, जंताचं औषध, गोचिडाचं औषध, आजारपण वेगळं.

घरचं शिजवलेलं देता येतं, पण दूध-पोळी म्हणजे जेवण नव्हे. आपल्याकडची पुष्कळ घरं शाकाहारी आहेत. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, पण प्रथिनांची सोय जाणीवपूर्वक करावी लागते, आणि ती अंदाजाने न करता डॉक्टरला विचारून. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, दही बरं. कांदा आणि लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून सकाळच्या पोह्यांचा घास नको. शेव तर नकोच. चॉकलेट, द्राक्षं, मनुका विषारी. दिवाळीच्या फराळातल्या मनुका विसरू नका. मांसाहारी घरांनी शिजलेली हाडं देऊ नयेत, ती काचेसारखी फुटतात.

लसीचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. पहिली सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची, पुढे दरवर्षी. ‘एक लस झाली, झालं’ असं नसतं. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लसीला अडवतं आणि ते नेमकं कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं, म्हणून लस पुन्हापुन्हा द्यावी लागते. डोस पुरे होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, तलावाकाठी जमिनीवर सोडू नका. आणि ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं तिथे लगेच दुसरं आणू नका. हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. फरशी आधी स्वच्छ धुऊन मग एका भागाला तीस भाग पाणी घालून ब्लीच वापरायचं, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. आम्ही वर्षभर थांबलो.

पावसाळ्यात गोचीड. कुत्रा खात नाही, ताप आहे, हिरड्या पांढऱ्या दिसतात, नाकातून रक्त आलं, तर रक्ततपासणी करा, वाट बघू नका. खेड्यात गाईम्हशींचं जंताचं इंजेक्शन अंदाजाने कुत्र्याला टोचतात. काही जातींमध्ये ते जिवावर बेततं. तसंच घरातली तापाची, अंगदुखीची गोळीही देऊ नका.

उन्हाळ्यात दुपारी फिरवणं बंद. हाताचा पालथा पंजा रस्त्यावर पाच सेकंद ठेवून बघा, तुम्हाला भाजलं तर त्यालाही भाजणार. लू लागली, लाळ गळतेय, झोकांड्या खातोय असं दिसलं तर साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

लायसन्ससाठी देवासकरांनी महानगरपालिकेत, धारकरांनी नगरपालिकेत विचारून घ्यावं. रॉटवायलर, पिटबुलसारख्या जातींवर केंद्राने मार्च 2024 मध्ये परिपत्रक काढलं होतं, ते एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केलं. त्यामुळे या जातींच्या बाबतीत पिल्लू घेण्याआधी आजचा नियम काय आहे ते बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

मोठ्या आजारासाठी महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1955 पासूनचं. धारकरांना पीथमपूरवरून जाता येतं, देवासकरांना इंदूर ओलांडून. सरकारी फिरत्या पशुवाहनासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे.

आमचं दुसरं पिल्लू एका ओळखीच्या काकूंच्या घरातून आलं. आधी तीन वेळा नुसतं तिच्या आईला भेटायला गेलो. साठाव्या दिवशी तिला आणलं, कार्डावर सही आणि स्टिकर दोन्ही बघून. हे लिहीत असताना ती टेबलाखाली माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपली आहे. पुढच्या महिन्यात तिची रेबीजची लस आहे, तारीख फ्रिजवर चिकटवलेली आहे.